ठाण्यापासून रुग्णालयापर्यंतचा रस्ता

वाचकहो, नागपूरला पाहुणा आला की आपण त्याला दीक्षाभूमी दाखवतो, सायंकाळी फुटाळ्याच्या काठी नेतो, झिरो माइलच्या दगडी खांबाशी उभा करून त्याचा फोटो काढतो. आज मी आपल्याला याच शहरातल्या एका वेगळ्या रस्त्याने नेणार आहे. त्याचे नाव कोणत्याही नकाशात नाही. त्याच्या एका टोकाला पोलीस ठाणे आहे, दुसऱ्या टोकाला रुग्णालय. घरातले वडीलधारे माणूस अचानक ओळखू येईनासे होते, शेजारी गोळा होतात, कोणीतरी पोलिसांना फोन लावते, त्या घटकेला कुटुंब या रस्त्यावर येऊन उभे राहते. त्या वेळी तो अंधारात शोधावा लागू नये, म्हणून आज दिवसाउजेडी एकदा आपण तो पाहून घेऊ.

मी साधी एमबीबीएस डॉक्टर. दक्षिण-पश्चिम नागपुरातल्या एका ले-आउटमध्ये गेली पंचवीसहून अधिक वर्षे माझा दवाखाना आहे. मानसोपचार हा माझा विषय नाही. तरीही या रस्त्यावर मला यावे लागले. कसे, ते आधी सांगते.

मे महिन्यातली एक रात्र

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक तपशील बदलले आहेत. मे महिना होता, पारा ४५ अंशांच्या पुढे. आमच्या वस्तीतले एक काका, रेल्वेतून निवृत्त झालेले, वय ७८. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी घेत होते. त्यांच्या सुनेचा दुपारी फोन आला: ‘‘बाबा दोन रात्री झोपले नाहीत. भिंतीकडे बघून बोलतात. काय करू?’’ दवाखान्यात गर्दी होती. मी म्हणाले, वयाचा परिणाम आहे, झोपेची गोळी देते, सकाळी बघू.

ही माझी चूक होती आणि ती मी आजही विसरलेली नाही.

दुसऱ्या रात्री अकराच्या सुमारास काकांनी स्वतःला पुढच्या खोलीत कोंडून घेतले. हातात कूलरच्या स्टँडची लोखंडी सळई. खिडकीची काच फुटली होती. मुलगा दाराशी गेला तर आतून ओरडणे वाढे. शेजाऱ्यांनी पोलिसांना फोन केला आणि मुलाने मला. मी पोहोचले तेव्हा फाटकाबाहेर वीसपंचवीस माणसे उभी होती. कोणी मोबाइलवर चित्रण करत होते. ‘‘म्हातारा पागल झाला,’’ असे कोणीतरी सर्वांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाले.

तेवढ्यात मोटारसायकलवर दोन पोलीस आले. त्यांतल्या वयस्क हवालदाराने काठी गाडीलाच अडकवून ठेवली. आधी गर्दीला कोपऱ्यापर्यंत मागे सारले, मग टोपी काढली आणि एकटाच जाऊन दाराच्या पायरीवर बसला. दारावर थाप मारली नाही. थोडा वेळ गेल्यावर आत ऐकू जाईल अशा बेताने म्हणाला, ‘‘काकाजी, फार लांबून आलो जी. घसा कोरडा पडला. थोडं पाणी पाजता का?’’

आत शांतता. मग माठावरच्या झाकणाचा आवाज आला. दार वीतभर उघडले आणि पाण्याचा पेला बाहेर आला. हवालदाराने पाणी पिऊन पेला परत दिला, आणखी मागितले. दुसरा पेला पिताना विचारले, आत कोण आहे? काका म्हणाले, चारजण आहेत, माझी पेटी न्यायला आलेत. हवालदाराने ‘‘आहेत’’ही म्हटले नाही आणि ‘‘नाहीत’’ही म्हटले नाही. ‘‘मी पाहून येतो, तुम्ही जरा बाहेर हवेत बसा,’’ एवढेच बोलला. काका बाहेर आले आणि हातातली सळई त्याच्यापुढे धरून म्हणाले, ‘‘ही घ्या. रिकाम्या हातानं जाऊ नका.’’

सळई अशी हातची सुटली. मग हवालदाराने मला विचारले, ‘‘डॉक्टर मॅडम, आता कुठं न्यायचं? ठाण्यात की मेंटलला?’’ मी म्हणाले, दोन्हीकडे नाही. आधी मोठ्या रुग्णालयात, रक्त तपासायला.

तपासात दिसले, की रक्तातले सोडियम फार खाली गेले होते आणि लघवीत जंतुसंसर्ग झाला होता. घामाने क्षार जात होते, गोळीने लघवीवाटे जात होते, जेवण सुटले होते आणि मी दिलेल्या झोपेच्या गोळीने मेंदूवरचा उरलासुरला ताबाही सैल केला होता. सहा दिवसांनी काका घरी परतले. त्या रात्रीतले त्यांना काहीच आठवत नव्हते.

त्या पायरीपाशी मी जे शिकले ते हे. मला आजार कळत होता, पण सळई सोडवून घेण्याची हिंमत आणि हातोटी माझ्याजवळ नव्हती. हवालदाराजवळ ती होती, पण पुढे कुठे न्यायचे हे त्याला ठाऊक नव्हते. दोघांपैकी एकटाच कोणी आला असता, तर त्या रात्रीचा शेवट वेगळा झाला असता. आम्ही दोघे एकाच वेळी तिथे असणे हा मात्र निव्वळ योगायोग होता. तो योगायोगावर सोडावा लागू नये म्हणून आपल्या शहरात आणि आपल्या कायद्यात काय आहे, ते पाहण्यासाठी मी निघाले.

सुभाषनगरचा थांबा

सीताबर्डीहून मेट्रोच्या अॅक्वा मार्गाने लोकमान्यनगरकडे निघालात, की झाशी राणी चौक, शंकरनगर, एलएडी चौक, धरमपेठ कॉलेज ओलांडल्यावर सुभाषनगर येते. गुडघे दुखणाऱ्यांनी पायऱ्यांची चिंता करू नये. स्थानकांवर उद्वाहक आहेत. वाटेत अंबाझरीचे पाणी दिसते. या सुभाषनगर भागात नागपूर शहर पोलिसांनी २०१७ साली भरोसा सेल सुरू केला. महिला, बालके आणि ज्येष्ठ नागरिक यांच्यासाठी तो आहे. अडचणीत सापडलेल्या माणसाला पोलीस, समुपदेशक, कायद्याचा सल्ला आणि वैद्यकीय मदत यांच्यासाठी चार दारे फिरावी लागू नयेत, सारे एका छताखाली मिळावे, अशी त्यामागची कल्पना. पुढे पुण्यासारख्या शहरांतही याच नावाचे कक्ष उभे राहिले.

माझ्याकडे येणाऱ्या एका आजींना मी तिकडे पाठवले होते. त्यांच्या यजमानांना स्मृतिभ्रंश. रोज सायंकाळी ते संशयाने पेटून उठत आणि आजींवर हात उगारत. आजी म्हणत, ‘‘पन्नास वर्षांच्या संसारात यांनी कधी मोठ्या आवाजात हाक मारली नाही. आता पोलिसांत कशी जाऊ?’’ आजींना तक्रार करायची नव्हती. आपल्यालाही कोणाचा आधार हवा, हे मोठ्याने बोलता येईल अशी एक जागा हवी होती. पोलीस म्हणजे गुन्हा आणि गुन्हा म्हणजे कोठडी, ही सांगड आपल्या मनात इतकी घट्ट आहे, की पोलिसांच्याच घरात समुपदेशक बसलेला असू शकतो हे आपल्याला सुचतच नाही. परतल्यावर आजी एवढेच म्हणाल्या, ‘‘त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, तुम्ही जेवता का वेळेवर?’’

रुग्णाची शुश्रूषा करणाऱ्यांना हा प्रश्न कोणीतरी विचारायलाच हवा. ज्या घरात आपत्ती मध्यरात्री येते, त्या घरात ती बहुधा कित्येक आठवडे आधीपासून पावले टाकत असते. तेव्हाच समुपदेशकाकडे गेले, तर पुढच्या कितीतरी रात्री टळतात.

पागलखाना चौक

सुभाषनगरहून परत सीताबर्डीला यावे, गाडी बदलून कस्तुरचंद पार्कला उतरावे आणि ऑटोने सदर, छावणी ओलांडून मानकापूरच्या दिशेने निघावे. ऑटोवाल्याला ‘‘प्रादेशिक मनोरुग्णालय’’ म्हटले तर तो क्षणभर थांबतो. मग स्वतःच म्हणतो, ‘‘पागलखाना चौक ना?’’ नाव बदलून कितीतरी वर्षे झाली, चौकाची ओळख बदललेली नाही.

ही संस्था १८६४ सालची. मध्य प्रांत स्थापन होऊन नागपूर त्याची राजधानी झाल्याला तेव्हा जेमतेम तीन वर्षे झाली होती. ठाणे, येरवडा, रत्नागिरी आणि नागपूर या राज्यातल्या चार जुन्या प्रादेशिक मनोरुग्णालयांत नागपूरचे सर्वांत आधीचे. मंजूर खाटा ९४०. विदर्भातल्या सर्व जिल्ह्यांतून रुग्ण इथे येतात.

वैद्यकीय शिक्षण घेत असताना, १९९०च्या सुमारास, आम्हा विद्यार्थ्यांना इथे आणले होते. तेव्हा ज्या गोष्टीने मी हादरले, ती रुग्णांची वागणूक नव्हती. बरे होऊनही घरी परतू न शकलेली माणसे पाहून मी हादरले. कोणाचा पत्ता सापडत नव्हता, कोणाच्या पत्त्यावरची माणसे दार उघडत नव्हती. एका बाईंना पोलिसांनी रस्त्यावरून आणले होते, एवढीच त्यांची नोंद. गाव कोणते, भाषा कोणती, हे आणणाऱ्याने विचारले नव्हते आणि घेणाऱ्याला नंतर कळले नव्हते. पोलीस आणि डॉक्टर यांची गाठ फक्त दारापाशी पडली, सही झाली आणि दोघे आपापल्या वाटेने गेले, की मधल्या माणसाचे काय होते, ते मी तिथे पाहिले.

हा तुटलेला धागा पुन्हा जोडण्याचे काम आयुष्यभर करणारा एक माणूस महाराष्ट्रात आहे. मानसोपचारतज्ज्ञ डॉ. भरत वटवानी. रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णांना उचलून आणायचे, उपचार करायचे आणि देशाच्या ज्या कोपऱ्यात त्यांचे घर असेल तिथे नेऊन पोहोचवायचे, हे काम त्यांची श्रद्धा रिहॅबिलिटेशन फाउंडेशन ही संस्था कर्जतजवळून करते. २०१८ साली त्यांना रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

दरोग्यापासून डॉक्टरपर्यंत

या रस्त्याचा कायदाही समजून घेऊ. तो कंटाळवाणा नाही. त्यात आपल्या समाजाचे मन कसे बदलत गेले ते दिसते.

१८५८च्या कायद्यात रस्त्यावर फिरणाऱ्या ‘वेड्या’ माणसाला पकडून मॅजिस्ट्रेटपुढे उभे करणे हे दरोग्याचे कर्तव्य होते. १९१२च्या कायद्यात शब्द बदलले, वाट तीच राहिली. १९८७च्या कायद्यातही पोलिसांनी ताब्यात घ्यायचे आणि चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटपुढे न्यायचे, असेच होते. म्हणजे सव्वाशेहून अधिक वर्षे आजारी माणसाचा पहिला मुक्काम न्यायालयाचा होता.

२९ मे २०१८ रोजी मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ अमलात आला आणि ही दिशा बदलली. त्याचे कलम १०० प्रत्येक कुटुंबाने लक्षात ठेवावे असे आहे. ठाण्याच्या हद्दीत कोणी मानसिक आजारी व्यक्ती स्वतःची काळजी घेऊ न शकता भटकताना आढळली, किंवा आजारामुळे तिच्यापासून तिला स्वतःला वा इतरांना धोका आहे असे दिसले, तर तिला संरक्षणात घेणे हे ठाणेदाराचे कर्तव्य आहे. ‘संरक्षण’ हा शब्द मुद्दाम वापरला आहे. तिला का घेतले, ते तिला समजावून सांगायचे. तिला समजण्याजोगे नसेल, तर तिने नेमलेल्या प्रतिनिधीला सांगायचे. जास्तीत जास्त चोवीस तासांच्या आत जवळच्या सरकारी आरोग्य संस्थेत तपासणीसाठी न्यायचे. आणि कोणत्याही परिस्थितीत तिला कोठडीत किंवा तुरुंगात ठेवायचे नाही. व्यक्ती बेघर असेल किंवा भटकताना सापडली असेल, तर हरवल्याची नोंद करून तिच्या कुटुंबाचा शोध घेणे हेही ठाण्याचेच काम. माझ्या विद्यार्थिदशेतल्या त्या बाईंच्या वेळी हे कलम असते, तर त्यांच्या गावाचे नाव कोणीतरी विचारले असते.

घरात गुदरलेल्या प्रसंगासाठी कलम ९४ आहे. रुग्णाच्या जिवाला, किंवा त्याच्याकडून इतरांना गंभीर धोका असेल, तर कोणताही नोंदणीकृत डॉक्टर, म्हणजे माझ्यासारखी साधी एमबीबीएससुद्धा, तातडीचे उपचार करू शकते आणि रुग्णाला पुढच्या रुग्णालयात नेण्याची व्यवस्था करू शकते. रुग्णाने नेमलेला प्रतिनिधी उपलब्ध असेल तर त्याची संमती घ्यायची. ही मुभा जास्तीत जास्त ७२ तासांची. रुग्णाला साखळदंड घालण्यास या कायद्याने पूर्ण बंदी केली आहे. ऑगस्ट २००१मध्ये तमिळनाडूतल्या एरवाडी येथे एका झोपडीवजा आश्रमाला आग लागून साखळ्यांनी बांधलेले २८ मनोरुग्ण जळून मेले होते. ते ज्यांना आठवते, त्यांना या बंदीची किंमत सांगायला नको.

आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. वृद्ध माणसाने आयुष्य संपवण्याचा प्रयत्न केला, तर ‘पोलीस केस होईल’ या भीतीने घरचे लोक रुग्णालयात नेण्यास उशीर करतात. मी हे पाहिले आहे. या कायद्यानुसार अशी व्यक्ती तीव्र मानसिक ताणाखाली होती असे गृहीत धरले जाते आणि तिला उपचार व आधार देणे सरकारवर बंधनकारक आहे. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तर असा सरसकट गुन्हाच उरलेला नाही. म्हणून लपवू नका, वेळ घालवू नका.

एकूण पाहता, आपल्या कायद्याने पोलीस आणि डॉक्टर यांना एका गाडीत बसवलेले नाही. त्याने त्यांना एका रस्त्याच्या दोन टोकांना उभे केले आहे आणि मधले अंतर चोवीस तासांत कापायला सांगितले आहे.

काही देशांत हे अंतरच मिटवण्याचा प्रयत्न झाला. अमेरिकेतल्या मेम्फिस शहरात १९८७ साली एका आईने आपल्या आजारी मुलासाठी पोलिसांना बोलावले. त्याच्या हातात चाकू होता. पोलिसांच्या गोळीने तो मेला. त्या धक्क्यातून १९८८ साली तिथल्या पोलिसांनी मानसोपचारतज्ज्ञ, विद्यापीठे आणि रुग्णांची कुटुंबे यांना सोबत घेऊन एक पथक तयार केले. निवडक पोलिसांना चाळीस तासांचे शिक्षण द्यायचे आणि असा फोन आला की त्यांनाच पाठवायचे. हा नमुना पुढे अनेक शहरांनी घेतला. कॅनडा आणि ब्रिटनमधल्या काही शहरांत तर पोलीस आणि परिचारिका एकत्र गाडीतून जातात. त्यांना शिकवतात ते सूत्र ऐकले, की मला आमचा हवालदार आठवतो: हळू बोला, अंतर ठेवा, घाई करू नका, वाद घालू नका. त्याला हे कोणी शिकवले होते, मी विचारले नाही. विचारायला हवे होते.

आपल्या हातात काय?

आपल्या दारी अशी जोडगाडी येईल तेव्हा येईल. तोपर्यंत मधला पूल आपणच व्हायचे आहे: कुटुंबाने, शेजाऱ्याने आणि घरच्या डॉक्टरने.

पहिली गोष्ट, आजार ओळखणे. वृद्ध माणूस काही तासांत किंवा दोनतीन दिवसांत एकदम बदलला, रात्री बरळू लागला, नसलेली माणसे दिसू लागली, कधी शुद्धीत तर कधी भ्रमात, असे झाले तर ते ‘वेड’ समजू नका आणि ‘वय झाले’ म्हणून सोडूनही देऊ नका. आपल्या आज्या याला ‘वात झाला’ म्हणत. वैद्यकात त्याला डिलिरियम म्हणतात. लघवीचा किंवा छातीचा जंतुसंसर्ग, सोडियम किंवा साखर कमीजास्त होणे, ऊन लागणे, बद्धकोष्ठ, लघवी तुंबणे, पडल्याने डोक्याला लागलेला मार, नवे औषध सुरू होणे किंवा रोजचे औषध, दारू एकदम बंद होणे, अशी त्याची कारणे असतात. ही तातडीची वैद्यकीय अवस्था आहे. अशा रुग्णाला आधी मेडिकल, मेयो किंवा जवळच्या मोठ्या सर्वसाधारण रुग्णालयात न्यावे. मानसोपचार विभाग तिथेही असतो. आणि माझी चूक आपण करू नका: डॉक्टरने तपासल्याशिवाय झोपेची गोळी देऊ नका. स्मृतिभ्रंश मात्र महिनोन्महिने, वर्षानुवर्षे हळूहळू वाढत जातो. ज्याला स्मृतिभ्रंश आहे, त्यालाही डिलिरियम होऊ शकतो, किंबहुना लवकर होतो. म्हणून ‘यांचे नेहमीचेच आहे’ असे म्हणण्यापूर्वी, काल कसे होते ते आठवून पाहा.

दुसरी गोष्ट, फोन. जिवाला धोका असेल तर ११२ आणि रुग्णवाहिकेसाठी १०८. ११२ला फोन करताना पहिले वाक्य हे असू द्या: ‘‘घरात आजारी माणूस आहे, गुन्हेगार नाही.’’ मग वय, आजार, चालू असलेली औषधे सांगा. हातात काही धारदार वस्तू असेल तर लपवू नका. येणाऱ्या पोलिसाचा जीवही जीवच आहे. ऐकू कमी येते का, चष्मा लागतो का, कोणत्या भाषेत बोलले तर कळते, कोणाचे ऐकतात, तेही सांगा. ऐकू न येणारा वृद्ध पोलिसांच्या सूचनेकडे ‘दुर्लक्ष’ करतो आणि गैरसमज होतो. सायरन न वाजवता येण्याची विनंती करा. मग लगेच घरच्या डॉक्टरला फोन करा आणि आलेल्या पोलिसाचे त्याच्याशी बोलणे करून द्या. एवढ्या एका फोनने ठाणे आणि रुग्णालय जोडले जाते.

तिसरी गोष्ट, मदत पोहोचेपर्यंतचा वेळ. खोलीतला मोठा दिवा लावा, टीव्ही बंद करा, गर्दी हटवा. एकानेच बोलावे, छोट्या वाक्यांत, नाव घेऊन. दार आणि रुग्ण यांच्यामध्ये उभे राहू नका. त्याला बाहेर पडायला वाट दिसू द्या. त्याला जे दिसते ते खोटे आहे हे पटवत बसू नका. पाठीमागून झडप घालू नका. आपल्याच अंगावर धावून येत असतील तर बाहेर पडा. त्यात लाज नाही.

चौथी गोष्ट, आजच करून ठेवायची. एका कागदावर आजार, औषधांची नावे व मात्रा, ॲलर्जी, डॉक्टरचा क्रमांक, जवळच्या दोन नातेवाइकांचे क्रमांक लिहा. एक प्रत फ्रिजवर, एक शेजाऱ्याकडे, एक ज्येष्ठांच्या खिशात. स्मृतिभ्रंश असलेल्यांच्या सदऱ्याच्या आतल्या बाजूला नाव व क्रमांक शिवून टाका. अशी व्यक्ती घरातून निघून गेली, तर ‘संध्याकाळपर्यंत वाट पाहू’ म्हणत बसू नका. फोटो घेऊन तत्काळ ठाण्यात जा. नागपूरच्या उन्हात काही तासही फार असतात. बुद्धी शाबूत असतानाच आपला प्रतिनिधी कोण असावा, हे लिहून ठेवण्याचा हक्क याच कायद्याने प्रत्येकाला दिला आहे. साठीनंतर तो वापरावा, असे मी माझ्या रुग्णांना सांगते. मीही तो कागद तयार करून ठेवला आहे.

संकट इतके तातडीचे नसेल, पण मन थकले असेल, तर केंद्र सरकारची टेलिमानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत आहे आणि ती मराठीतही मिळते. १० ऑक्टोबर २०२२ या जागतिक मानसिक आरोग्य दिनी ती सुरू झाली. ज्येष्ठांसाठीची एल्डरलाइन १४५६७ या क्रमांकावर सकाळी आठ ते रात्री आठ चालते. शुश्रूषा करणाऱ्यांनीही हे क्रमांक स्वतःसाठी वापरावेत.

परतीची वाट

मनोरुग्णालयाच्या फाटकातून मी बाहेर पडले तेव्हा सायंकाळ झाली होती. समोरून पोलिसांची एक गाडी आत गेली. मागच्या बाकावर एक म्हातारा बसला होता, शेजारी एक तरुण शिपाई. म्हाताऱ्याच्या मांडीवर एक कापडी पिशवी होती आणि तिचा एक बंद शिपायाने धरला होता. गाडी पुढे गेली. त्यांचे काय झाले, मला ठाऊक नाही.

आमच्या वस्तीतले काका त्या रात्रीनंतर चार वर्षे जगले. मे महिना आला की त्यांची सून मला विचारून औषधाची मात्रा ठरवून घ्यायची, आणि मीही फोनवर उत्तर न देता घरी जाऊन यायचे. तो हवालदार पुढे एकदा वस्तीत गस्तीवर असताना फाटकाशी थांबला. काकांनी त्याला ओळखले नाही. तरी कोण, कुठले, असे काहीही न विचारता त्यांनी आधी माठातले पाणी आणून दिले.

वाचकहो, आज रात्री झोपण्यापूर्वी तो कागद लिहा. आणि उद्या सकाळी फिरायला जाल, तेव्हा आपल्या हद्दीतल्या ठाण्यावरून एक चक्कर मारा. ज्येष्ठ नागरिक म्हणून आपली ओळख करून द्या, घरात कोणाला कोणता आजार आहे ते सांगून ठेवा. रस्ता एकदा पायाखालचा झाला, की रात्री चुकत नाही.